अप्पांची तळटीप

सरांनी अप्पांना फसवलं, आणि ते माझ्या हातून फसवलं.

सर म्हणजे माझ्या एलएलएमच्या लघुप्रबंधाचे मार्गदर्शक. अप्पा म्हणजे जळकोटचे, बैलबाजारातले जुने दलाल. बैलं घेत-विकत मी वर आलो, त्यावरच वकील झालो. पुढचं शिक्षण चाळिशी उलटल्यावर घेतलं. विषय माझाच होता, रुमालाखालचा सौदा. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि बोटं धरून आकडा ठरवायचा. असा मुका करार कायद्यात टिकतो का, हा माझा प्रश्न. पुस्तकांत काही सापडेना. जे होतं ते अप्पांकडं.

सबंध हिवाळा त्यांच्या ओट्यावर बसलो. माझी बोटं धरून ते शिकवायचे, मधेच कानडीत आकडे पुटपुटायचे. सौदा मोडायचा तर हात कधी काढायचा, हे इतका बाजार करूनही मला ठाऊक नव्हतं.

"अप्पा, तुमचं नाव छापतो."

"व्हय? कुठं?"

"पानाच्या तळाला. तळटीप म्हणतात त्याला."

"तळाला का? वर जागा न्हाय का? म्हाताऱ्याला पायापाशी बसवतूस!"

"पुरावा खालीच असतो, अप्पा."

"मग बरंय. रुमालाखालचंबी लई खरं असतंय."

सरांनी त्या सगळ्या टिपांवर लाल रेघ मारली. "माणूस हा संदर्भ होत नाही. निकाल द्या, ग्रंथ द्या, पान क्रमांक द्या." माझा आवाज असा चढला की शिपाई दारातून डोकावला. तेव्हा सर नरमले. प्रबंधात नको, पण पुढं आपण दोघं लेख करू, तिथं मुलाखतीची टीप चालते, ती मी स्वतः लावीन, असं म्हणाले. मी हात पुढं केला. त्यांनी धरला. माझ्या लेखी करार झाला.

अप्पा भेटले की विचारायचे, "आलं का तळाला?" पोळ्याच्या आधी ते गेले.

त्यानंतर लेख आला. वर नाव एकट्या सरांचं. तेवढा राग मी गिळला असता. आत माझ्या प्रबंधातलं अप्पांचं बोलणं जसंच्या तसं, आणि खाली टीप: 'लेखकाचे क्षेत्रकार्य'. जणू सर स्वतः बाजारात हिंडून हे गोळा करून आले. पुढच्या प्रत्येक टिपेत 'तत्रैव', म्हणजे वरचंच पुन्हा. पानभर तत्रैव. अप्पा कुठंच नाहीत.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "लिहिलंय की खाली काहीतरी." कोर्टाच्या बाररूममध्ये सांगितलं तर हशा पिकला. "एका ओळीसाठी डोकं फोडून घेता का, वकीलसाहेब?" तेव्हापासून डबा माझ्या टेबलावर एकटाच खातो. बाजाराच्या दिवशी अप्पांच्या जागेवर जाऊन बसलो. आता भाव मोबाईलवर ठरतात. स्वतःच्याच हातावर रुमाल टाकून पाहिला. समोर दुसरा हात नसला की काहीच कळत नाही.

सरांना फोन केला. "अहो, अशीच पद्धत असते," म्हणाले आणि ठेवला. पुन्हा उचलला नाही.

म्हणून इथं विचारतो. सर, तुमचं क्षेत्रकार्य कोणत्या बाजारात झालं? रुमालाखाली तुम्ही कुणाचा हात धरला होता? त्या माणसाचं नाव सांगा, आणि जिथून काढलंत तिथं छापा.