युस्टसच्या होडीतली फांदी

त्या साली आमच्या गावात एक कुजबुज फिरत होती: म्हातारा युस्टस कासवांची अंडी चोरतो आणि सरहद्दीपलीकडे ब्राझीलवाल्यांना विकतो. कुणी सुरू केली ते विचारू नका. पसरवायला मी हात आखडता घेतला नाही, एवढं कबूल करतो.

संशयाला जागाही होती. रुपुनुनी नदीच्या काठावर अंडी शोधण्यात चाळीस वर्षं युस्टसचा हात धरणारा कुणी नव्हता. कोरड्या दिवसांत मादी वाळूवर चढून गेली की नुसता माग बघून तो सांगायचा, ही पहिलटकरीण, हिची साठच निघतील. ही थोराड, शंभरावर जाईल. उकरून मोजलं तर तो चुकलेला मी पाहिला नाही. अशा माणसाने आता अंडी सोडली म्हणावं, म्हणजे बोक्याने दुधाचा उपास धरल्यासारखंच.

सोडली होती नातीपायी. रोविना, त्याच्या लेकीची लेक. आमच्या माकुशी जमातीच्या गावांतल्या एकाला दरवर्षी राजधानीत नेऊन, सगळा खर्च सोसून, वन्यजीव राखण्याचं शिक्षण द्यायची एक योजना होती. अट अशी, की आपल्या गावचा वाळूचा पट्टा हंगामभर राखायचा आणि घरटी मोजून दाखवायची. चाळीस भरली तर जागा रोविनाची. नाहीतर वरच्या गावचा मुलगा कपडे भरून बसलाच होता. गावसभेत ठरलं, यंदा त्या पट्ट्यावर कुणी अंड्याला हात लावायचा नाही. हात वर करून सगळ्यांनी होकार दिला. युस्टसचा हात सगळ्यांत उंच. मला तेव्हाच खटकलं.

पहिल्या चार दिवसांत रोविनाच्या वहीत पंधरा घरटी. पाचव्या दिवशी एक. मग शून्य, आणि पुढे शून्यच.

"कासवं रुसली गं माझ्यावर," ती म्हणाली.

"कासवं येतात हो," शेजारची ब्रिजीडकाकू कसाव्याचा कंद किसता किसता म्हणाली. "पण तुझ्याआधी उठणारं एक जनावर आहे. दोन पायांचं."

मग मी पाळत ठेवली. म्हाताऱ्या माणसाला दुसरं काम काय असतं? उजाडायच्या आत युस्टसची होडी काठावरून गायब. परत आला की घोट्यापर्यंत वाळू. होडीत एक पानांची फांदी, रोज नवी.

"फांदीने मासे मारतोस काय रे?" मी विचारलं.

"डास फार झालेत," तो म्हणाला.

त्या वाऱ्यात डास! एरवी कारीचे, म्हणजे आमच्या कसाव्याच्या दारूचे, तीन तीन भोपळे रिचवणारा गडी आता एकावर उठायचा, म्हणायचा, पहाटे काम आहे. कसलं, ते सांगायचा नाही. एकदा मिरच्या मागायच्या निमित्ताने मी त्याच्या चुलीपाशी गेलो आणि हळूच भांड्यात डोकावलो. मासे आणि मिरच्यांचा रस्सा. अंड्याचं टरफलसुद्धा कुठे नाही. आता तुम्हीच सांगा, चोरतो आणि खात नाही, म्हणजे विकतच असणार की नाही? त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर चारपाच जण बसले होते, त्यांना मी एवढंच विचारलं.

घरटी तपासायला योजनेची बाई यायची होती, तो दिवस परवावर आला, तेव्हा गावप्रमुख मर्लीनने, आम्ही तिला कॅप्टन म्हणतो, युस्टसला सभेच्या छपराखाली बोलावलं. रोविना उभी राहिली. डोळे सुजलेले.

"आमोको," आमच्यात आजोबांना असंच म्हणतात, "तू पट्ट्यावर जातोस?"

"जातो."

"रोज?"

"रोज. राखण नको?"

"कुंपणच शेत खातंय म्हणा की," ब्रिजीडकाकू मागून म्हणाली.

"मग अंडी कुठे आहेत?" कॅप्टनने विचारलं.

"वाळूत. अंडी आणखी कुठे असतात, बाई?"

लोक हसले. रोविना हसली नाही. "माझ्या वहीत सोळा घरटी आहेत, आमोको. परवा बाई येईल आणि माझी जागा जाईल."

"सोळा?" युस्टसचा चेहरा उतरला. "छे. शाळेत तुला मोजायलासुद्धा शिकवलं नाही काय? चल, दाखवतो."

अर्धं गाव होड्या घेऊन मागे. मी पहिल्याच होडीत, चोर पकडताना जवळून बघावा म्हणून. पट्ट्यावरची वाळू सारवलेल्या अंगणासारखी सपाट होती. युस्टस अनवाणी चालू लागला, टाच दाबत दाबत. थांबला.

"हे."

रोविनाने गुडघ्यावर बसून हाताने वाळू काढली. खाली ओली पांढरी अंडी, रचल्यासारखी. तिने तशीच झाकली.

"हे." पुन्हा अंडी. "हे. हे थोरलीचं, जपून."

सूर्य डोक्यावर आला तेव्हा वहीत त्रेपन्न घरटी होती, आणि एकही फोडलेलं नव्हतं. ब्रिजीडकाकू सकाळपासून एक शब्द बोलली नव्हती. असं गावात पहिल्यांदाच घडत होतं.

"पण माग कुठे आहेत?" रोविना म्हणाली. "मी रोज येऊन मागच मोजते, आमोको. एक माग, एक घरटं."

युस्टसने होडीकडे पाहिलं. फांदी तिथे पडली होती.

"माग मोजतेस?" तो म्हणाला. "मला वाटलं, तू कासवं मोजतेस."

बाई आली, तिने टाच दाबत चालणाऱ्या म्हाताऱ्याच्या मागे दुपारभर फिरून त्रेपन्नच्या त्रेपन्न घरटी पाहिली आणि रोविनाचं नाव लिहून नेलं. रोविना आता त्याच नदीवर नोकरीला आहे. नव्या मुलांना पट्ट्यावर सोडण्याआधी ती विचारते, तुमच्या घरात पहाटे लवकर उठणारं कोण आहे?

युस्टसने त्या हंगामात एकही अंडं घेतलं नाही आणि विकलं नाही. अंडी चोरणारा माग बघून येतो हे त्याला स्वतःवरून ठाऊक होतं, म्हणून तो रोज पहाटे फांदीने कासवांचे माग पुसत होता.