अलार्मखालची ओळ

नोव्हेंबर १९९०, सोमवार ते शुक्रवार. चंदीगड, सेक्टर ३० जवळच्या एका कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, पहिला मजला... आमचं छोटं इन्स्ट्रुमेंट युनिट. हजर : मी, मालक खन्नासाहेब, फाटकावर रामसरूप. गैरहजर : हरजीत सिंग.

अशी नोंद करायची मला सवयच आहे. किराणा, औषधं, नवऱ्याच्या एअर फोर्समधल्या बदल्यांचं सामान – सगळ्याच्या याद्या, क्रमांक घालून. भुतंखेतं, संकेत वगैरेंवर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी लिहिते आहे, कारण बावीस वर्षं झाली आणि या एका गोष्टीपुढे बरोबरची खूण करता आलेली नाही.

आम्ही नवजात बाळांच्या श्वासावर नजर ठेवणारं यंत्र बनवत होतो. बाळाचा श्वास थांबला की अलार्म वाजायचा. शुक्रवारी त्याच्या प्रोग्रामची फ्लॉपी हॉस्पिटलात पोचवायची होती आणि पुढच्या सोमवारपासून ते खऱ्या बाळाला लागणार होतं. प्रोग्राम हरजीतनं लिहिलेला. शनिवारी संध्याकाळी वडील आजारी असल्याची तार आली आणि तो गुरदासपूरकडच्या आपल्या गावी निघाला. जाण्याआधी घाईघाईत एक बदल करून गेला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की इतक्या लहान बाळांसाठी अलार्म लवकर वाजायला हवा. तो नवा आकडा त्यानं ‘टेबल’ नावाच्या फाइलीत घातला. रविवारी त्याच्या गावाकडे कर्फ्यू लागला. बस बंद, फोन बंद. पुढचं काम माझ्याकडे आलं.

काम तसं सोपं होतं. प्रोग्रामच्या अकरा फाइली होत्या. त्या योग्य क्रमानं तयार करून जोडण्याचं काम ‘मेक’ नावाचा दुसरा प्रोग्राम करायचा. मेकला एक यादी द्यावी लागते : कोणती फाइल कशाकशावर अवलंबून आहे. मग तो फक्त फाइली शेवटच्या कधी बदलल्या त्या वेळा बघतो. मूळ फाइल तिच्यापासून बनवलेल्या फाइलीपेक्षा नवी दिसली तरच ती पुन्हा बनवतो, नाहीतर हात लावत नाही. कणीक नव्यानं भिजवली असेल तरच नव्या पोळ्या, तसं.

हरजीतची यादी फारच अस्ताव्यस्त होती. मी मागे एकदा टोकलं होतं तर हसत म्हणाला होता, “मॅडमजी, आपका बस चले तो आप रब को भी एबीसी में लगा दोगी.”

सोमवारी मी तेच केलं. यादी अक्षरांच्या क्रमानं लावली, दोनदा लिहिलेल्या वाटल्या त्या ओळी काढल्या आणि मेक चालवला. एरर नाही. फ्लॉपी तयार.

मंगळवारी सकाळी दुसरी प्रत काढण्याआधी पुन्हा मेक चालवला. “काही करायचं नाही” एवढंच उत्तर यायला हवं होतं. त्यानं टेबल फाइल परत बनवायला घेतली. म्हणून त्या फाइलीची वेळ पाहिली... सोमवार, दुपारी चार पंचवीस.

पंजाबातल्या त्या अशांत दिवसांत खन्नासाहेब आम्हाला लवकर सोडत. साडेतीनला व्हॅन निघायची. खोलीच्या किल्ल्या दोनच – एक माझ्या पर्समध्ये, एक त्यांच्या खिशात, आणि आम्ही दोघं एकाच व्हॅनमध्ये. मशीन, म्हणजे आमचा कॉम्प्युटर, खोलीत एकटं चालू असायचं, बाहेरची कुठलीही तार त्याला जोडलेली नव्हती. रामसरूप म्हणाला, “कोई नहीं आया जी. चिड़िया भी नहीं.”

मशीनचं घड्याळ रेडिओशी ताडून पाहिलं. बरोबर होतं. फाइल सोमवारच्या छापील प्रतीशी ओळन् ओळ जुळवली. एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं. फक्त वेळ बदललेली.

बुधवारी सकाळी पुन्हा तेच. वेळ : मंगळवार, चार दहा. मी त्या फाइलीत कुणाला काही लिहिता येणार नाही असं करून ठेवलं. गुरुवारी सकाळी पाहिलं – बुधवार, चार बत्तीस.

“एरर है क्या?” खन्नासाहेबांनी विचारलं.

“नहीं सर.”

“तो फिर? दे दो फ्लॉपी. मशीन का भी दिमाग होता है यार, कभी कभी फिरता है.”

त्यांचं चूक नव्हतं. प्रोग्राम चालत होता, तीन मिनिटं वाया जात होती, एवढंच. पण झालेलं काम रोज ‘झालं नाही’ म्हणून समोर यावं हे मला सहन होत नाही. टेबल एवढं परत परत बनतंय, तर त्याच्या मागोमाग आणखी काय बनायला हवं? म्हणून हरजीतच्या जुन्या यादीचा कागद काढला.

त्यात ‘अलार्म’ या फाइलीच्या खाली एक ओळ होती : अलार्म टेबलवरही अवलंबून आहे. त्या ओळीवर पेन्सिलीची रेघ होती आणि शेजारी लिहिलेलं, “डबल. काढली.” अक्षर माझंच.

म्हणजे टेबल नवं बनत होतं, पण अलार्म मात्र जुन्याच आकड्यावर बसून होता. मी ओळ परत घातली, मेक चालवला. आधी टेबल, मग अलार्म, मग जोडणी. चाचणीच्या मेजावर श्वासाचा रबरी फुगा होता, तो हातानं थांबवला. अलार्म वीस सेकंदांत वाजला. मग सोमवारची फ्लॉपी घालून फुगा पुन्हा थांबवला आणि घड्याळाकडे बघत उभी राहिले. वीस... तीस... चाळीसला वाजला. एवढ्याशा बाळाला वरचे वीस सेकंद म्हणजे काय, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी सोमवारची फ्लॉपी बाहेर काढून तिच्यावर फुली मारली.

शुक्रवारी सकाळी मेक म्हणाला, काही करायचं नाही. फ्लॉपी गेली. त्यानंतर त्या फाइलीची वेळ कधीच बदलली नाही.

हरजीत पुढच्या बुधवारी आला. वडील सावरले होते, तो मात्र वाळला होता. चहा घेता घेता म्हणाला, “सोमवार से रोज़ चार से पाँच कर्फ्यू में ढील मिलती थी, मॅडमजी. मैं डाकखाने में फोन की लाइन में लगता था. नंबर आता, और फोन डेड.”

“इतना क्या ज़रूरी था? पिताजी की दवाई?”

“नहीं जी, आपको करना था. बस एक बात कहनी थी. अलार्म के नीचे टेबल वाली लाइन है, उसे डबल समझके मत काटना. आपकी सफाई से डर लगता है मुझे.” तो हसला. “वीरवार को, आपके गुरुवार को, गया ही नहीं. पता नहीं क्यों, लगा अब ठीक है.” मग कप खाली ठेवत त्यानं विचारलं, “काटी तो नहीं थी ना?”

मी म्हणाले, “नहीं.”

“मुझे पता था,” तो म्हणाला.

त्या तीन वेळांचा छापील कागद मी नीट घडी घालून ठेवला आहे. बंद खोलीत, बिनतारेच्या मशीनमध्ये ते कसं झालं, याचं उत्तर मी पुष्कळ जाणकारांना विचारलं. घड्याळ, वीज, डिस्क... प्रत्येक शक्यता मी आधीच तपासलेली असते. हरजीत आता मोहालीत असतो, आजोबा झालाय, गुरुपुरबच्या सणाला न चुकता फोन करतो. मी नातवाची चौकशी करते, पुण्याची हवा सांगते आणि फोन ठेवते. त्या वेळा त्याला सांगायच्या तर आधी रेघेचं सांगावं लागेल. क्रम तोच आहे.

दर महिन्याला नवी यादी करते, जुनीतलं उरलेलं पुढे उतरवून घेते. या महिन्याचीही केली. १ : हरजीतला सांगणे.