एकशे पाचवी कचेरी

माझ्या मेहुण्याला गावात कुणी वाईट म्हणणार नाही. व्हर्लिन ड्रायलिंग एकोणचाळीस वर्षं सहकारी धान्यकोठारावर वजनकाट्यापाशी बसला, पण कुणाच्या गव्हाचा दाणा इकडचा तिकडे झाला नाही. दारू नाही, शिवी नाही, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. मी मात्र त्याला वाईट म्हणते. त्याची बायको आर्डिथ माझी सख्खी थोरली बहीण होती, तेव्हा मला तो हक्क आहे.

कॅन्ससमध्ये काउंट्या, म्हणजे जिल्हे, एकशे पाच आणि प्रत्येकीची एक कचेरी. चौकात हिरवळ, दगडी जिना, वर घड्याळाचा मनोरा. १९८४ साली व्हर्लिनने ठरवलं की या सगळ्या कचेऱ्यांचे फोटो स्वतः जाऊन काढायचे आणि एका वहीत चिकटवायचे. हा नाद असलेले आणखीही लोक आहेत आणि आपल्या काउंटीची कचेरी सगळ्यांत शेवटी ठेवायची, हा त्यांच्यातला रिवाज आहे. व्हर्लिनने त्यावर स्वतःचे नियम चढवले. इमारत समोरून, पूर्ण, घड्याळासकट. पुढे गाडी नको आणि पायऱ्यांवर माणूस नको. म्हणजे जायचं रविवारी सकाळी, गाव चर्चमध्ये असताना. आर्डिथ आमच्या चर्चच्या गायकवृंदात होती. त्या वर्षापासून तिचं गाणं सुटलं ते सुटलंच.

ती त्याच्याबरोबर जायची कशासाठी तेही सांगते. आमचं उन्रूह घराणं मेनोनाइट पंथाचं, ड्रायलिंग कॅथलिक. १९६१ साली ना आमचा पाळक यांचं लग्न लावेना, ना त्यांचा पाद्री. शेवटी आमच्याच कचेरीत दुसऱ्या मजल्यावर न्यायाधीशासमोर दोघांनी सह्या केल्या. साक्षीला एक कारकून आणि झाडूवाला. मी अकरा वर्षांची होते, बापाने मला त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. त्या लग्नाचा एकही फोटो नाही. म्हणून व्हर्लिनने हे खूळ काढलं तेव्हा आर्डिथ म्हणाली, "शेवटच्या फोटोत मी पायऱ्यांवर उभी राहणार. निळा ड्रेस घालून. तोच माझा लग्नाचा फोटो."

"दिला शब्द," व्हर्लिन म्हणाला. "त्या एका फोटोला नियम माफ."

त्या एका शब्दावर माझी बहीण सव्वीस वर्षं बुईकच्या पुढच्या सीटवर बसली. मांडीवर नकाशा, पायाशी कॉफीचा थर्मास आणि फॉइलमध्ये कोबी-खिमा भरलेले पाव. ढग आले की परत फिरायचं. कुणी दारात ट्रक लावून गेला असला की पुन्हा पुढच्या महिन्यात. मूलबाळ नव्हतं, आडकाठी करणारं कुणी नव्हतं. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले होते. आर्डिथ पाय मोकळे करायला गाडीतून उतरून हिरवळीवर गेली, तर हा कॅमेऱ्यामागून हात हलवतोय, "आर्डिथ, सरक जरा." ती हसत सरकली. मला तेव्हाही ते हसू आवडलं नव्हतं.

२०१० च्या मेमध्ये तिला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी चार-पाच महिने सांगितले. एकशे दोन कचेऱ्या झाल्या होत्या. आमच्या दारातली धरून तीन उरल्या होत्या.

त्यांच्या स्वयंपाकघरात मी समोर बसले होते. आर्डिथ म्हणाली, "व्हर्लिन, आधी आपली काढू या का? बाकीच्या मग."

"मग ती शेवटची कशी होईल?" तो अगदी प्रेमाने म्हणाला. "दोनच तर राहिल्यात. दोन रविवार. मग आपलीच."

मी भडकले. "अरे, काट्यावर बसून बसून डोकं लोखंडाचं झालं का तुझं? ऊठ, आर्डिथ. चल, मी काढते माझ्या फोनवर."

"नको गं," ती म्हणाली. "तुझ्या फोनवर नाही मला जायचं. मला त्याच्या वहीत जायचंय."

एक रविवार ठरल्याप्रमाणे पार पडला. दुसऱ्या कचेरीच्या मनोऱ्याला दुरुस्तीसाठी परांच्या बांधल्या होत्या. दुसरा कुणी असता तर परांच्यांसकट फोटो काढून घरी आला असता. व्हर्लिन तसाच परत आला. "एवढी वर्षं नीट काम केलं, आता घाण करू?" म्हणाला. परांच्या ऑगस्टमध्ये उतरायच्या होत्या, मग सप्टेंबर झाला. तो दर सोमवारी तिथल्या कारकुनाला फोन करून चौकशी करायचा. आर्डिथचा निळा ड्रेस मी दोनदा शिवून आत घेतला, तिसऱ्यांदा शिवायला तिने नको म्हटलं.

ऑक्टोबरच्या अकरा तारखेला ती गेली. त्याच ड्रेसमध्ये तिला पुरलं. परांच्या नोव्हेंबरमध्ये उतरल्या आणि व्हर्लिन एकटा जाऊन फोटो काढून आला. छान आलाय, असं त्याने मला सांगितलंसुद्धा.

त्यानंतरच्या रविवारी मी चर्चला निघाले होते. कचेरीच्या हिरवळीवर व्हर्लिन तिपाई रोवत होता. आकाश स्वच्छ, चौक रिकामा, पायऱ्यांवर कुणी नाही. त्याला हवं होतं तसं. माझा संताप मस्तकात गेला. मी गाडी बाजूला लावली, सरळ जाऊन मधल्या पायरीवर बसले आणि पर्स मांडीवर घेतली.

त्याने कॅमेऱ्यातून पाहिलं. मग डोकं वर न काढताच हात हलवला.

"आर्डिथ, सरक जरा."

बोलल्यावर त्याचं त्याला कळलं. हात तसाच हवेत राहिला. मला वाटलं, आता रडेल, इथे येऊन बसेल, निदान माझं नाव घेईल. तो म्हणाला, "लव्हॉन, ऊन बदलतंय."

मी सरकले नाही. दुपारी मनोऱ्याची सावली जिन्यावर आली, तेव्हा त्याने तिपाई मिटली.

त्याच्या वहीचं शेवटचं पान अजून कोरं आहे. आता रविवारी आभाळ निरभ्र असलं की तो कॅमेरा घेऊन येतो. मी त्याच्या आधी येऊन बसलेली असते. चर्चमध्ये घंटा होते, गाणी सुरू होतात. तीन वर्षं झाली, मी आत गेलेली नाही.