दिवेलागणीचा अंधार

आमच्या घरात दिवेलागणीला अंधार असायला लागला तो माझ्या डोक्यातल्या एका तांदळाएवढ्या ग्रंथीमुळे. आजार खरं तर स्तनाचा. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, रोजची गोळी सुरू झाली आणि आम्ही मोताळ्याजवळच्या आमच्या गावी परतलो. मग ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मोबाइलवर वाचलं की मेंदूच्या मध्यात पिनिअल नावाची ग्रंथी असते, ती अंधार पडला की मेलाटोनिन नावाचं द्रव्य सोडते, आणि ते कॅन्सरला आवर घालतं का यावर संशोधन चालू आहे. 'का' तेवढा ह्यांनी गाळला.

हे रिटायर्ड लाइनमन. वादळात तार तुटली की ताटावरून उठून खांबावर चढणारे. ते आता सूर्य मावळला की घरातली बटनं बंद करत फिरू लागले. देवघरातला झिरोचा बल्ब काढला, खिडक्यांना गोणपाट लावलं. टीव्ही बंद, त्यामुळे माझ्या मालिकेतल्या सुनेचं पुढे काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मी भांडकुदळ बाई आहे, गावात कोणालाही विचारा. पण या बाबतीत गप्प बसले. ऑपरेशन झाल्यापासून मला अंधाराची फार भीती वाटायची. नको नको ते मनात यायचं, मुलं डोळ्यांपुढे यायची. तरी बटन बंद करताना ह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते माझ्याच्यानं मोडवत नव्हतं.

एका संध्याकाळी माझी चुलत जाऊ नांदुऱ्याहून मला भेटायला आली. बसमधून उतरून गल्लीत शिरली तर साऱ्या घरांत दिवे लागलेले, आमचंच घर काळंठिक्कर. ओट्यावर हे एकटेच मान खाली घालून बसलेले. आमच्याकडे दिवेलागणीला घरात दिवा नाही म्हणजे काय, ते सांगायला लागत नाही. तिनं काही विचारलंच नाही, पिशवी टाकली आणि हंबरडा फोडला.

"अवं माय वं! गेली वं माही बहीण! तुह्या हातचं भरीत आता कोन खाऊ घालन वं मले!"

मी आत पलंगावर. इतकी वर्षं माझ्या भरताला नावं ठेवणारी बाई! खोटं कशाला बोलू, आणखी थोडं ऐकावं असं मला वाटलं. पण आसपासच्या बायाही डोळ्यांना पदर लावत जमू लागल्या, तेव्हा उठले आणि चाचपडत दारात गेले.

"मेली नाही वं मी अजून. काऊन बोंबलून राह्यली?"

जाऊ आधी किंचाळली, मग माझ्या गळ्यात पडली, मग सगळ्याजणी पोट धरून हसल्या. हसले नाहीत ते हे. घरात येऊन बटनापाशी उभे राहिले, हात बटनावर, पण दाबवेना. मी जवळ जाऊन चेहरा चाचपला तर गाल ओले. आजाराचं नाव कळलं त्या दिवशीही हा माणूस रडला नव्हता.

"आपरेशन डाक्टरनं केलं," हे म्हणाले, "गोळ्या तू खाऊन राह्यली. माह्या हाती काय होतं? हे एक बटन तं होतं."

मी म्हटलं, "मले अंधारात लय भेव लागते हो."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुमाले बरं वाटून राह्यलं होतं म्हनून."

बटन शेवटी मीच दाबलं. जावेला भरीत करून घातलं. तिनं मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रात्री अंधारात गाढ झोप लागली तर चांगलंच आहे, पण अंधार हे औषध नव्हे. गोळी चुकवू नका, तपासणी टाळू नका. ह्यांनी पोरासारखी मान हलवली.

आता निजेपर्यंत घरात लख्ख उजेड असतो. निजताना बटन मात्र ह्यांनीच बंद करायचं, तसं आमचं ठरलंय. मग अंधारात हे चाचपडत माझा हात शोधतात. पिनिअलचं काम पिनिअल करत असेल. हात सापडेपर्यंत मला भीती वाटते. सापडला की झोप लागते.