सुभद्राबाईंचे बिनचाकाचे पेले

शहागंजच्या बाजारात मी पणत्या घ्यायला गेले होते. सुभद्राबाई मातीची भांडी विकायला बसायच्या, त्या जागेवर दुसरीच बाई बसलेली. शेजारचे भांडीवाले सलीमभाई म्हणाले, "वो तो गुजर गई, मॅडम. महिना झाला. छातीत दुखलं म्हणं, दवाखान्यात न्यायच्या आधीच..." मी पणत्या न घेताच क्रांती चौकापर्यंत चालत आले. दुःख नंतर आलं. आधी जे वाटलं ते सुटल्यासारखं होतं. आता त्या समोर येणार नव्हत्या.

सुभद्राबाई गंगापूरच्या कुंभारघरातल्या. मी इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. तीन वर्षांपूर्वी आम्ही जुन्या भांड्यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या उभट, रंगवलेल्या पेल्यांच्या नकला मला करून हव्या होत्या. अडचण एकच होती, त्या लोकांकडे कुंभाराचं चाक नव्हतं. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून ते भांडी घडवत. सुभद्राबाईंच्या घरी जाऊन विचारलं, तर त्यांचे यजमान हसले. "चाकाबिगर गोल कसं येईल, मॅडम?" मागं मातीच्या ओल्या चुलीवरून हात फिरवत बसलेल्या सुभद्राबाई म्हणाल्या, "मी करते की. आमाला बायांना चाकाला हात लावू देत नायत. हातानंच केलंय समदं."

मग दर रविवारी मी एसटीनं गंगापूरला जाऊ लागले. पहिले दोन पेले भट्टीत तडकले. त्यांनी माती बदलली, वाळू वाढवली, गोदावरीतल्या गुळगुळीत गोट्यानं पेला तासन्‌तास घासून चकाकी आणली. मोबाईलवरचा फोटो निरखत एकदा त्यांनी विचारलं, "ही काठाची नक्षी कसली?" मी सांगितलं, नक्षी नाही, अक्षरं आहेत. पेला कुणाचा, त्यातून कोकोचं पेय प्यायचं, असं लिहिलेलं असतं. क्वचित रंगवणाऱ्याचं नावही असतं. त्यांनी फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "भांड्यावर नाव..." मग मान खाली घालूनच म्हणाल्या, "मग माजं लिवू का? सही येती मला." मी म्हणाले, "नको, सुभद्राबाई. मूळ भांड्यासारखं दिसायला हवं." त्यांनी "व्हय" म्हटलं आणि कुंचला गेरूत बुडवला.

उद्‌घाटनाला त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. तीन पेल्यांशेजारी पाटी होती, संकल्पना आणि निर्मिती, खाली माझं नाव. मजकूर मीच दिला होता. पाहुण्यांनी पेला हातात घेऊन विचारलं, कुणी घडवला हा? सुभद्राबाई चार पावलांवर उभ्या होत्या. मी म्हणाले, "आमच्या विभागानं." विसरले म्हणावं, तर तेही खरं नाही. पाहुणे कौतुकानं माझ्याकडे बघत होते आणि मला ते हवं होतं. थोड्या वेळानं त्या जवळ येऊन म्हणाल्या, "निघते मॅडम, गाडी जाईल." त्यानंतर शहागंजात त्या दिसल्या की मी दुसऱ्या गल्लीनं जायचे.

बातमी कळल्यावर आठवड्यानं मी गंगापूरला गेले. त्यांची मुलगी कांता दारात आली. कबूल करायचं म्हणून शब्द जुळवूनच गेले होते, पण तिनं पाणी देता देताच सुरुवात केली. "आई लई सांगायची तुमचं. कॉलेजात पाटीवर माजं नाव लावलंय मॅडमनं, म्हणायची. गावभर सांगितलंतं तिनं. पाटी हाय ना अजून? पोरांना दाखवायची हाय मला."

मी "आहे" म्हणाले.

परतल्यावर नवी पाटी करून घेतली. आता विभागातल्या काचेच्या कपाटात त्या तीन पेल्यांपुढे एकच नाव आहे, सुभद्राबाईंचं. पुढच्या आठवड्यात कांता पोरांना घेऊन आली. धाकट्यानं अक्षर अक्षर जुळवून आजीचं नाव मोठ्यानं वाचलं. कांतानं फोटो काढला, डोळे पुसले, आणि "तुमच्यामुळं झालं, मॅडम," म्हणत माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वेळेवर अडवलंसुद्धा नाही... पहिल्या पाटीवर कुणाचं नाव होतं, ते तिला अजून ठाऊक नाही. हा लेख छापून आला की आधी तिला पाठवणार आहे.