एकच शिशी

डॉक्टरांनी जुबेदाची जीभ चमच्याने दाबली, बॅटरीच्या उजेडात घसा पाहिला आणि म्हणाले, "डिप्थेरिया." म्हणजे घटसर्प. घशात राखाडी पडदा धरतो आणि मूल गुदमरतं. माझी लेक सहा वर्षांची होती.

मी राहात्यात शिलाईचं काम करतो, म्हणून लोक मला मास्तर म्हणतात. चार दिवस मी घसा दुखतोय समजून तिला मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. पाचव्या दिवशी दूध नाकावाटे बाहेर आलं, तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार पकडून तिला नगरच्या इस्पितळात आणलं. तुमच्या घरात मुलाचा घसा धरला, तर माझ्यासारखे दिवस घालवू नका.

औषध एकच होतं, सिरम. घोड्याच्या रक्तापासून काढलेलं, रोगाचं विष मारणारं. लढाईमुळे ते मिळेनासं झालं होतं. इस्पितळात एकच शिशी उरली होती, आणि आमच्या आधी पारनेरकडचा दगडू नावाचा शेतकरी त्याच आजाराची मुलगी घेऊन येऊन बसला होता. तिचं नाव सोना.

"पुण्याला तार केली आहे," डॉक्टर म्हणाले. "माल उद्या येईल. अर्धं अर्धं दिलं तर दोघीही हाती लागणार नाहीत. तपासून ठरवतो."

एरवी मी ईदेपुरता नमाज पढणारा माणूस. त्या दुपारी व्हरांड्यात पंचा अंथरला आणि कपाळ टेकलं. या अल्ला, ती शिशी माझ्या लेकीला मिळू दे. दुसरीला मिळू नको देऊस. हेच शब्द होते. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला दगडू भिंतीकडे तोंड करून, हात जोडून पुटपुटत होता.

डॉक्टर बाहेर आले. "सोनाचं हृदय फार थकलंय. तिला आता सिरमचा उपयोग होईल असं वाटत नाही. जुबेदाला होईल."

सुई जुबेदाला दिली. सोनाच्या गळ्याला भोक पाडून श्वासासाठी नळी बसवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. पुण्याची पेटी संध्याकाळी आली.

मुलीला कांबळ्यात गुंडाळून निघताना दगडू माझ्यापाशी थांबला. मला वाटलं, शिव्या देईल.

"मास्तर, माफी करा," तो म्हणाला. "तुमच्या पोरीला औषद मिळू न्हाई, आसं मी काल देवाला म्हनलो हुतो. पाप झालं. तिला लई जपा."

मीही तेच मागितलं होतं, एवढं सांगायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "अल्लाची मर्जी." तो मान हलवून गेला.

जुबेदा तीन आठवडे अंथरुणावर होती. बरेच दिवस नाकातून बोलायची. आता बरी आहे. मशिदीत लोक म्हणतात, मास्तरांची दुआ कबूल झाली. मी खाली बघतो.

तुमच्यावर अशी वेळ आली तर तुम्हीही देवापुढे वाकाल. वाका. मी आता पाचही वेळा वाकतो, लेक वाचली म्हणून शुक्र मानतो. पण मागायला हात पसरले की दगडूने मागितलेली माफी आठवते, आणि काही न मागता मी उठतो.