होयबांचं ज्येष्ठ कार्ड

चौकातल्या सलूनच्या मालकांना सगळे होयबा म्हणत, आणि त्यावरही त्यांची काही तक्रार नव्हती. वय एकाहत्तर. त्यातली चोपन्न वर्षं एकाच खुर्चीमागे उभं राहण्यात गेलेली. वस्तऱ्याला धार लावायला शिकण्याआधी त्यांनी एक गोष्ट शिकून घेतली होती: ज्याच्या गळ्यावर आपण पातं टेकवलंय त्याच्याशी वाद घालायचा नाही. गिऱ्हाईक म्हणालं आज उकडतंय, की होय. त्याच्या मागचं म्हणालं आज गार पडलंय, तरी होय. मनासारखं ऐकायला मिळालं की माणूस मान हलवत नाही, आणि मान हलली नाही की कापत नाही. सोपं आहे.

पण यंदा होयबांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, आणि डावाही त्याच वाटेला लागला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "वर्ष संपायच्या आत ऑपरेशन करून घ्या, नाहीतर वस्तरा खाली ठेवा." खासगी दवाखान्याचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. उरला सरकारी विमा, आणि त्याचा अर्ज महिनाअखेरीच्या आत द्यायचा होता. मुदत चुकली की गेलं वर्ष. वस्तरा खाली ठेवायची नुसती कल्पनाही होयबांना सोसवत नव्हती.

पर्याय म्हणाल तर दोनच. एक घराचं कार्ड: मुलगा, सून, नातवंडं, म्हातारा-म्हातारी, सगळ्यांनी मिळून वर्षाच्या खर्चाची एकच मर्यादा वापरायची. दुसरं ज्येष्ठ कार्ड: सत्तरी उलटलेल्या प्रत्येकाला स्वतःचं, वेगळं. तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? अवघड होतं ते सलून. त्या खुर्चीत बसून तोंडाला फेस लागला की माणूस आपोआप विम्यातला जाणकार होई.

पोस्टमन म्हणाले, "ज्येष्ठ कार्डच काढा." होय. सुतार म्हणाला, "त्यात डोळे बसतच नाहीत, माझ्या साडूला विचारा." होय का, होय. शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक गुरुजी तर खुर्चीत बसण्याआधीच सुरू झाले, "घराचं कार्ड आहे ना? मग गप बस. नवं काढायला गेलास की जुनंही जाईल. सापळा आहे तो!"

"होय, गुरुजी."

असे पंधरा दिवस गेले. जेवताना बायकोनं विचारलं, "मग ठरलं काय?"

"सगळ्यांचंच बरोबर वाटतंय."

"ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात. पण तुमच्याकडे मन उरलंय कुठे? तेही गिऱ्हाइकांना वाटून टाकलंत." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्यांच्या हातात कागदांची पिशवी देऊन त्यांना जवळजवळ ढकललंच.

विमा कचेरीत तीन नंबरच्या खिडकीशी एक कारकून बाई होत्या. तरुण, चटपटीत, कीबोर्डवर बोटं नाचवणाऱ्या. त्या धडाधड विचारत गेल्या आणि होयबा सवयीनं, अदबीनं, किंचित पुढे वाकून उत्तरं देत गेले.

"सत्तर पूर्ण?"

"होय."

"पत्ता हाच?"

"होय."

"सरकारी नोकरीतून निवृत्त झालात? त्यांची औषधपाण्याची सोय आहे?"

"होय, होय."

चार दिवसांनी फोनवर संदेश आला. सुनेनं वाचला आणि ती चष्म्यावरून सासऱ्यांकडे बघतच राहिली. "बाबा, अर्ज नामंजूर झालाय. तुम्हाला म्हणे निवृत्त कर्मचाऱ्यांची सवलत आधीच आहे. तुम्ही सरकारी नोकरीत कधी होतात?"

मुलगा खो खो हसला. बायकोलाही आधी हसू फुटलं, मग तिनं कपाळाला हात लावला. मुदतीला तीनच दिवस उरले होते. होयबांना मात्र खरोखर रडू आलं. चोपन्न वर्षं ज्या शब्दानं पोट भरलं त्यानंच घात केला होता.

दुसऱ्या दिवशी बायको बरोबर आली. कारकून बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, पण माणूस चांगला होता. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं आणि छापील यादी पुढे ठेवली. "हे बघा, आजोबा. घराच्या कार्डावर यंदा तुमच्या सुनेचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालंय, मर्यादा जवळपास संपली. ज्येष्ठ कार्ड वेगळं आहे, त्यानं घराच्या कार्डाला धक्का लागत नाही. आणि मोतीबिंदू इथे, अकराव्या ओळीत. आता अर्ज दुरुस्त करू. पण या वेळी नीट ऐकून सांगा."

"मीच सांगते," बायको सरसावली.

"नाही आजी, अर्जदारानंच सांगायचं."

मग तोच प्रश्न आला. सरकारी नोकरी? होयबांना दरदरून घाम फुटला. समोर इतकी गोड मुलगी, हिच्या तोंडावर नकार कसा द्यायचा?

"न... नाही."

"मोठ्यानं सांगा, ऐकू आलं नाही."

"नाही!" होयबा असे ओरडले की अख्ख्या रांगेनं वळून बघितलं. कारकून बाईंनी हसत शिक्का मारला.

तोंडाची चव बदलली की माणूस थांबत नाही. दुसऱ्या दिवशी गुरुजी खुर्चीत बसून फेसातून म्हणाले, "घराचंच कार्ड ठेवलंस ना?"

"नाही, गुरुजी. तुमचं चुकतंय."

हातवारे करणारे गुरुजींचे हात थबकले, होयबांचा वस्तरा नाही. होयबांनी दाढी करता करता सगळं सांगितलं: मर्यादा कुणाची, कार्ड कुणाचं, काय जातं आणि काय जात नाही. मग गुरुजी हळूच म्हणाले, "माझ्या गुडघ्याचं बसेल का रे त्यात?"

"ते मला ठाऊक नाही. यादी बघून घ्या. खिडकी नंबर तीन. उद्या शेवटचा दिवस आहे."

ऑपरेशन वर्ष संपायच्या आत पार पडलं. महिनाभर विश्रांती घेऊन होयबांनी सलून उघडलं तेव्हा गुरुजी दारातच उभे होते, एक महिन्याची दाढी वाढवून. दुसऱ्या कुणाकडे गेले नव्हते. होयबांनी मन लावून दाढी केली, तुरटी फिरवली, टॉवेल झटकला. उठता उठता गुरुजींनी खिशातून एक छोटं रेझर काढून आरशाखाली ठेवलं.

"हे आता तुझ्याकडेच राहू दे."

"कशाला?"

"दोन वर्षं तुझ्याकडून घरी गेलो की राहिलेली दाढी यानंच उरकायचो. पोस्टमनकडेही असणार. सुताराकडे तर नक्की."

होयबा मटकन बाकावर बसले. "दोन वर्षं? आणि एकानं तरी ब्र काढावा!"

"काढला असता तर तू दुकान बंद केलं असतंस. मग सकाळी आम्ही बसायचं कुठे?"

डॉक्टरीणबाईंनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं, पण हे पाणी आतून आलं, त्याला काय करणार? होयबांनी बाहीनं गाल पुसले, उजेडाकडे वळून गुरुजींकडे नीट बघितलं आणि त्यांना खांद्याला धरून पुन्हा खुर्चीत बसवलं.

"बसा, गुरुजी. डाव्या कानाखाली एक केस राहिलाय."